प्रयोगाचा निकाल गृहीतकाच्या उलट आला, तर पुढे काय करायचं?

फेब्रुवारी लागला की मुंबईतल्या विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सर, रीडिंग उलटी येतायत.’ सबमिशन तोंडावर आलेलं असतं, प्रस्तावना टाइप करून झालेली असते आणि तिच्यात जे घडेल असं लिहिलंय त्याच्या नेमकं विरुद्ध ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने मोजणारी काचेची नळी) सांगत असते. अशा वेळी आजूबाजूने दोन सल्ले मिळतात. ‘थोडी ॲडजस्ट कर’ हा पहिला. तो सरळ सरळ खोटेपणा आहे, त्याच्यावर शब्द खर्च करत नाही. दुसरा सल्ला सभ्य दिसतो: ‘काहीतरी चुकलं असेल, परत कर.’ मला हा दुसरा सल्ला जास्त घातक वाटतो. अपेक्षित उत्तर येईपर्यंत परत परत करायचं आणि ते आलं की थांबायचं, यातही निकाल आपणच ठरवतो, फक्त वेळ जास्त लागतो.

उलट आलेल्या निकालात भरपूर माहिती असते. ती बाहेर काढायला एक क्रम लागतो आणि तो क्रम आपल्याकडे सहसा शिकवला जात नाही. एमएस्सीचा प्रोजेक्ट करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. पीएचडीच्या पहिल्या वर्षालाही उपयोग होईल.

बोलायला एक उदाहरण हवं, म्हणून समजा: ठाणे खाडीच्या काठावर सांडपाणी सोडणारं एक तोंड आहे. गृहीतक असं की तोंडाजवळ पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी असेल आणि समुद्राच्या दिशेने जाऊ तसा वाढेल. कारणही पटण्यासारखं आहे: सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजताना जिवाणू ऑक्सिजन वापरतात. विंकलर पद्धतीने (रसायनं घालून ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन मोकळं करायचं आणि ते मोजायचं) टायट्रेशन केलं आणि तोंडाजवळ ६.८, समुद्राच्या बाजूला ४.९ मिलिग्रॅम प्रति लिटर असे आकडे आले. पूर्ण उलटे.

आधी हात थांबवा

पहिल्या तासात काहीही फेकू नका, धुवू नका, खोडू नका. बाटल्यांत नमुना उरला असेल तर झाकून ठेवा. हायपोची (आयोडीन मोजायला वापरतात त्या सोडियम थायोसल्फेटची) बाटली, स्टार्च, अल्कलाइन आयोडाइडचं द्रावण, सगळं त्याच अवस्थेत राहू द्या. जर्नलच्या त्या पानाचा फोटो काढा. एक्सेलची फाइल ‘मूळ’ असं नाव देऊन वेगळी ठेवा आणि पुढची सगळी आकडेमोड तिच्या प्रतीत करा.

मग कोऱ्या पानावर दोन वाक्यं लिहा. प्रयोगाआधी काय होईल असं म्हटलं होतं आणि आता काय झालं. पहिलं वाक्य सिनॉप्सिसमधून (प्रयोगाआधी विभागात दिलेल्या आराखड्यातून) उतरवून काढा, आठवणीतून लिहू नका. निकाल कळल्यावर मूळ अपेक्षा मनातल्या मनात हलकेच सरकते. ‘मला थोडी शंका होतीच’ असं वाटायला लागतं. लिखित ओळ सरकत नाही.

विरोध कोणत्या जातीचा आहे

‘उलटं आलं’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि तिघींचे उपाय वेगळे आहेत.

पहिली: फरक दिसलाच नाही. इथे विचारायचं की फरक नाही, की माझ्या प्रयोगाला तो दिसण्याची शक्यताच नव्हती? समजा दोन ठिकाणांतला सरासरी फरक ०.३ निघाला आणि त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरा फरक ज्या पल्ल्यात असावा असा अंदाज, तो पल्ला) उणे १.१ ते अधिक १.७ असा आहे. याचा अर्थ ‘फरक नाही’ असा होत नाही. प्रयोग एवढा ढोबळ होता की त्यातून कोणतीच बाजू सांगता येत नाही, असा होतो. सरासरी फरक ०.०५ आणि अंतराल उणे ०.१ ते अधिक ०.२ असता, तर मात्र मोठा फरक नाही असं छातीठोकपणे म्हणता आलं असतं. पी-मूल्य (खरा फरक नसतानाही योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर गेलं म्हणून गृहीतक मेलं असं लिहिणारे प्रबंध दरवर्षी जमा होतात. ते चूक आहे.

दुसरी: आकडे विखुरलेत. आज एक, उद्या दुसरं. हा विरोधच नाही, हा गोंगाट आहे. आधी पद्धत स्थिर करा, गृहीतकाचं नंतर बघू.

तिसरी: दिशा पलटली आणि पलटलेलीच राहतेय. आपलं खाडीचं उदाहरण यातलं. सर्वांत रंजक हेच, कारण निव्वळ गोंधळातून दिशा सातत्याने पलटत नाही. काहीतरी तिला ढकलतंय.

इथेच एक नेहमीचा घोळ तपासून घ्या. एका बाटलीतल्या पाण्याची तीन टायट्रेशन्स म्हणजे तीन नमुने नव्हेत. त्यातून आपला हात किती स्थिर आहे ते कळतं, खाडीबद्दल काही कळत नाही. तीन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दिवशी भरलेल्या बाटल्या असतील तरच खाडीबद्दल बोलता येईल.

हिशेब आणि लेबलं

हे काम कंटाळवाणं आहे, पण पटकन होतं. दशांश चिन्ह, सूत्रातली नॉर्मॅलिटी (द्रावणाची तीव्रता), बाटलीचं आकारमान, एक्सेलमध्ये खाली ओढताना सरकलेला सेल. दोन ठिकाणांची लेबलं अदलाबदल झाली का? ओल्या बाटलीवर मार्करने लिहिलेलं पुसलं जातं, आणि मग परतीच्या ट्रेनमध्ये आठवणीवर विसंबून नंबर टाकले जातात. हिशेब मित्राकडून करून घ्या. त्याला फक्त कच्ची रीडिंग द्या, तुमचं उत्तर दाखवू नका.

या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा नियमही इथेच सांगतो: जी तपासणी नावडत्या आकड्याची कराल, तीच आवडत्या आकड्याचीही करा. उलट आलेल्या बाटल्यांचा हिशेब चार वेळा आणि सुलट आलेल्यांचा एकदाच तपासला, तर चुका फक्त एका बाजूच्या सापडतील, सुधारणाही एकाच बाजूला होतील आणि निकाल आपोआप गृहीतकाकडे झुकेल. यात कोणीही खोटं बोललेलं नसतं, म्हणूनच ते सापडत नाही.

कंट्रोलने काय सांगितलं

ब्लँक (नमुन्याशिवाय नुसत्या रसायनांचं रीडिंग) किती आला? ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना सोबत ठेवला होता का? ऑक्सिजनच्या बाबतीत तो करायला सोपा आहे: डिस्टिल्ड पाण्यात बराच वेळ हवा सोडा, मग स्थिर होऊ द्या. २८ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात साधारण ७.८ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो. तुमची पद्धत त्याच्या जवळचा आकडा देत असेल तर रसायनं आणि हात ठीक आहेत. ५ किंवा ११ आला तर खाडीवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

कंट्रोल ठेवलाच नव्हता, असं बऱ्याचदा निघतं. मग तो आज करा, त्याच जुन्या द्रावणांनी. म्हणूनच वर म्हटलं की काही फेकू नका.

प्रत्येक संशयिताला दिशा विचारा

आता सर्वांत उपयोगाची पायरी. बहुतेक विद्यार्थी इथे ‘संभाव्य चुका’ अशी यादी करतात आणि ती तशीच प्रबंधाच्या शेवटी चिकटवतात: तापमानातला बदल, मानवी चूक, उपकरणाची मर्यादा. या यादीचा कोणालाच उपयोग नसतो. उपयोग तेव्हा होतो जेव्हा प्रत्येक चुकीपुढे लिहाल की ती आकडा कुठे ढकलेल, वर की खाली, आणि दोन्ही ठिकाणी सारखाच की एकीकडे जास्त. ज्या चुकीची दिशा तुमच्या विरोधाच्या दिशेशी जुळत नाही, ती कितीही खरी असली तरी या निकालाचं कारण असू शकत नाही. तिला यादीतून काढा.

खाडीच्या आकड्यांवर हे करून बघू.

नमुना जागेवर फिक्स केला नाही (रसायनं घालून ऑक्सिजन तिथेच बांधून ठेवला नाही), कॉलेजात आणून मग मँगनीज सल्फेट घातलं. ही मोठी चूक आहे. वाटेत दीड तास जिवाणू ऑक्सिजन खात राहतात. पण सेंद्रिय पदार्थ जास्त असलेल्या तोंडाजवळच्या बाटलीत ते जास्त खातील. म्हणजे ही चूक तोंडाजवळचा आकडा खाली ओढेल, गृहीतकाच्या बाजूने. आपला निकाल तर उलटा आहे. ही चूक सुधारली तर विरोध वाढेल. संशयित बाद; पुढच्या फेरीत सुधारायची मात्र नक्की.

हायपोचं द्रावण जुनं, न तपासता वापरलं. जुनं हायपो कमजोर होतं, जास्त मिलिलिटर लागतात, त्यामुळे ऑक्सिजन खोटाच जास्त दिसतो. पण दोन्ही ठिकाणी एकाच प्रमाणात. सगळं काही दहा टक्क्यांनी फुगेल, क्रम बदलणार नाही. दोन्ही ठिकाणांना एकाच दिवशी एकच द्रावण वापरलं असेल तर बाद.

बादलीतून बाटलीत पाणी उंचावरून ओतलं, हवा मिसळली. यात ऑक्सिजन वाढतो आणि जिथे मुळात कमी आहे तिथे जास्त वाढतो. त्याने फरक पुसट होईल. एक बारकावा मात्र आहे. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा जवळपास पाचव्या हिश्शाने कमी. त्यामुळे दोन्ही नमुने हवेने पुरते भरले असते, तर कमी खाऱ्या बाजूचा आकडा थोडा वर दिसला असता. पण आपला ४.९ हा भरलेल्या पातळीच्या खूप खाली आहे. म्हणजे दोन्ही हवेने भरले होते असं म्हणता येत नाही. दोन्हीकडे ओतण्याची रीत एकच असेल तर हाही बाद. मात्र यातून एक सुधारणा मिळाली: आकडा मिलिग्रॅममध्ये देण्यासोबत त्या तापमानाला आणि क्षारतेला (खारेपणाला) किती टक्के भरलंय तेही द्यायचं, म्हणजे गोडं आणि खारं पाणी एका मापाने तोलता येईल.

अल्कलाइन आयोडाइडमध्ये अझाइड घातलंच नव्हतं. इथे थांबा. सांडपाण्यात नायट्राइट असतं आणि अझाइड घालतात ते त्याला नष्ट करायलाच. आम्ल घातल्यावर ते आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतं आणि आपण तो आयोडीन ऑक्सिजनच्या खात्यात मोजतो. आकडा खोटाच वर जातो, तोही तोंडाजवळच जास्त. दिशा जुळली. जर्नलमध्ये याची खूणही सापडू शकते: एंड पॉइंटला (टायट्रेशन पूर्ण झाल्याच्या क्षणी) निळा रंग गेला आणि फ्लास्क टेबलावर ठेवून रीडिंग लिहीपर्यंत परत आला. हवेतल्या ऑक्सिजनने नायट्राइट पुन्हा तयार होतं, पुन्हा आयोडीन सुटतो आणि निळसर झाक परतते. असं घडलं असेल आणि ‘थोडा रंग परत येतो, दुर्लक्ष केलं’ अशी ओळ कुठे लिहिलेली असेल, तर ती ओळ सोन्याची आहे. म्हणूनच जर्नलमध्ये फक्त आकडे लिहू नयेत.

शेवाळ. सांडपाण्यासोबत नायट्रोजन-फॉस्फरस येतात, शेवाळ माजतं, भर दुपारी ते ऑक्सिजन सोडतं. नमुना दुपारी घेतला असेल तर तोंडाजवळचा आकडा खराच जास्त असू शकतो. दिशा जुळली. आणि ही तर चूकही नव्हे, ही खाडीच आहे.

भरती-ओहोटी. मुंबईत दिवसाकाठी दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. रोज सकाळी नऊला नमुना घेणारा विद्यार्थी स्वतःला शिस्तीचा समजतो, पण पंधरवड्यात तो भरतीच्या प्रत्येक टप्प्यावर जाऊन येतो. उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. भरतीला तोंडाजवळ समुद्राचं पाणी असतं. ओहोटीला तोंडाचं पाणी समुद्राकडे गेलेलं असतं. एक ठिकाण भरतीला आणि दुसरं ओहोटीला घेतलं असेल तर दोन बाटल्यांच्या जागा पाण्याच्या हिशेबाने बदललेल्या आहेत. दिशा जुळली. कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा: तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीचा अंदाजे तास मिळतो. नेमक्या वेळेसाठी छापील भरतीचं कोष्टक घ्या, पण जुन्या नमुन्यांच्या तारखांना हा पाऊणपटीचा हिशेब लावून बघितला तरी चित्र स्पष्ट होऊ लागतं.

सहांपैकी तीन गळाले, तीन उरले. अजून एकही नवा प्रयोग केलेला नाही.

उरलेल्यांना वेगळं करणारा प्रयोग

आता पुन्हा खाडीवर जायचं, पण ‘परत करून बघू’ म्हणून जायचं नाही. उरलेल्या तीन कारणांची भाकितं एकमेकांपासून कुठे फुटतात ते शोधायचं आणि नेमकं तिथे मोजायचं.

नायट्राइट कारण असेल तर त्याच पाण्याच्या दोन बाटल्यांत, एकीत अझाइड आणि एकीत नाही, आकडे वेगळे येतील. शेवाळ कारण असेल तर सूर्योदयाआधीचा नमुना आणि दुपारचा नमुना यांत मोठी तफावत दिसेल, शिवाय दुपारी पीएचही चढलेला असेल. भरती कारण असेल तर क्षारता चुगली करेल: जिथे ऑक्सिजनचा आकडा अनपेक्षित, तिथे क्षारताही अनपेक्षित. क्षारता आधीच्या नमुन्यांत मोजली असेल तर याचं उत्तर आजच मिळतं.

स्वस्त प्रयोग आधी. अझाइडची जोडी एका दुपारी होते. पहाटेची फेरी आखायला आठवडा जातो. निकाल काय येईल हे प्रत्येक कारणासाठी आधी लिहून, तारीख टाकून, गाइडची सही घ्या.

मोजताना दोन खबरदाऱ्या. एंड पॉइंट डोळ्याने ठरतो आणि डोळ्याला उत्तर माहीत असलं की तो अर्धा थेंब इकडे-तिकडे करतो. म्हणून बाटल्यांवर ठिकाणाऐवजी सांकेतिक आकडे मित्राकडून टाकून घ्या. यादी त्याच्याकडेच राहू द्या. दुसरं, फेरीचा क्रम उलटवा. आधी तोंड आणि मग समुद्र असं दरवेळी करत असाल तर वेळ आणि जागा एकमेकांत अडकलेल्या असतात. शक्य असेल तर काही नमुन्यांवर ऑक्सिजन मीटरही चालवा. दोन पूर्ण वेगळ्या पद्धती एकच सांगत असतील, तर विरोधाला रासायनिक चूक म्हणून टाळता येत नाही.

सुरक्षेबद्दल: सोडियम अझाइड विषारी आहे. त्याचा आम्लाशी थेट संपर्क येऊ देऊ नका आणि ते सिंकमध्ये ओतू नका. धातूच्या पाइपात स्फोटक क्षार साठू शकतात. पहाटे खाडीवर एकटं जाऊ नका, ओहोटीच्या चिखलात उतरू नका. फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत नमुने घ्यायचे तर वनविभागाची परवानगी लागते, तिचा अर्ज वेळेत टाका.

फरक लहान असेल तर तो मोठा करा

एक युक्ती ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांच्याकडून घेण्यासारखी आहे. १८९० च्या सुमारास ते नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून काढलेला नायट्रोजन आणि अमोनियाच्या मदतीने मिळवलेला नायट्रोजन यांच्या वजनात हजारात एक भाग एवढा फरक निघाला. दोन्ही नायट्रोजनच, मग फरक कसा? सरासरी काढून पुढे जाण्याइतका तो लहान होता. रेले यांनी तो वाढवायचा प्रयत्न केला. अमोनियाच्या पद्धतीत हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला, म्हणजे सगळा नायट्रोजन अमोनियातूनच येईल. फरक पाचपट झाला, दोनशेत एक. लिटरमागे सुमारे १.२५७ आणि १.२५१ ग्रॅम. इतका ठाम फरक चुकीतून येत नाही. १८९४ मध्ये रेले आणि विल्यम रॅमझे यांनी हवेतला नवा वायू जाहीर केला: आरगॉन. १९०४ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं, रेले यांना भौतिकीचं आणि रॅमझे यांना रसायनाचं.

तुमच्या प्रोजेक्टला हे असं लावायचं: विरोध ज्या कारणाने येतोय असं वाटतं, ते कारण मुद्दाम वाढवा. नायट्राइटचा संशय असेल तर स्वच्छ पाण्यात मोजून नायट्राइट घाला आणि आकडा किती चढतो बघा. चूक असेल तर ती हुकमी वाढेल. वाढली नाही तर संशय चुकीचा होता.

गृहीतकाचा कोणता भाग पडला

सगळं तपासलं, पद्धत ठीक, विरोध कायम. आता गृहीतकाकडे वळा, पण ते पूर्ण फेकू नका. कुठलंही गृहीतक एकटं तपासलं जात नाही. त्याच्याबरोबर न बोललेल्या बऱ्याच गोष्टी आपण गृहीत धरलेल्या असतात आणि पडलेली बाब त्यातली असू शकते.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रोजेक्टमध्ये हे फार दिसतं. हळदीच्या अर्काचा जिवाणूंवर परिणाम होतो असं गृहीतक, आणि अगर प्लेटमध्ये विहिरीभोवती (अर्क घालायच्या खळग्याभोवती) झोनच, म्हणजे जिवाणू न वाढलेलं कडंच, नाही. परिणाम नाही असं ठरवण्याआधी विचारा: झोन दिसायला पदार्थ अगरमधून पसरावा लागतो. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते विहिरीतच बसून राहतं. पडलं ते ‘पदार्थ पसरतो’ हे न बोललेलं गृहीत. ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) विरलन करून बघा; नुसत्या द्रावकाचा कंट्रोल ठेवा, नाहीतर द्रावकाचा प्रभाव हळदीच्या नावावर जाईल. लसणाचंही तसंच. पाकळ्या अख्ख्या उकळल्या आणि मग ठेचल्या तर ॲलिसिन (लसणातला जिवाणूंना मारणारा पदार्थ) बनवणारं एन्झाइमच नष्ट झालेलं असतं. तिथे लसूण हरला असं म्हणता येत नाही. अर्क काढायची रीत हरली.

आणि कधीकधी मूळ गृहीतकच पडतं. त्याचं मोठं उदाहरण आपल्या शहराच्या इतिहासात आहे. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोग घाणीतून, जमिनीतून, रोग्याच्या स्पर्शातून पसरतो अशी त्या वेळची समजूत होती. त्यानुसार गटारं धुतली, घरांना चुना मारला, माणसांना घराबाहेर काढलं. प्लेग हटला नाही. दुसरीकडे, रुग्णालयात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तो क्वचितच होत होता. स्पर्शाच्या गृहीतकाला हे थेट छेद देणारं होतं. मुंबईतही काम केलेल्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीला दाखवलं की उंदरावरची पिसू रोग नेते. कित्येक वर्षं ते मानलं गेलं नाही.

पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत जे केलं, ते प्रत्येक प्रोजेक्टवाल्याने समजून घ्यावं. पिसवांनी भरलेल्या जागेत गिनिपिगचे पिंजरे टांगले, काही जमिनीपासून दोन इंचांवर, काही दोन फुटांवर. हवा तीच, खोली तीच, घाण तीच. पिसू उडी मारून जेमतेम चार इंच जाते. दोन इंचांवरच्या प्राण्यांना प्लेग झाला, दोन फुटांवरचे वाचले. बारीक जाळीने पिसवा अडवल्या तरी प्राणी वाचले. हवेतून रोग येत असता तर जाळीने आणि उंचीने काही फरक पडला नसता. भाकितं जिथे फुटतात नेमकं तिथे मोजणं म्हणतात ते हेच.

नवं गृहीतक, नवी आकडेवारी

विरोधातून नवी कल्पना सुचते: ‘तोंडाजवळ दुपारी शेवाळामुळे ऑक्सिजन वाढतो, पहाटे कोसळतो.’ छान आहे. पण ज्या आकड्यांवरून ती सुचली त्याच आकड्यांनी ती सिद्ध झाली असं लिहू नका. ते आकडे तिच्याशी जुळणारच, तिचा जन्मच त्यातला आहे. नव्या दिवसांचे नमुने घ्या. आणि प्रस्तावना मागे जाऊन बदलू नका, जणू काही पहिल्यापासून शेवाळच शोधत होतो. हे सर्रास केलं जातं आणि परीक्षकाला दिसतंही, कारण सिनॉप्सिस विभागात जमा असतो.

मूळ आकडेवारी मोठी असेल तर निम्मी बाजूला ठेवून उरलेल्या निम्मीत शोधाशोध करा आणि सुचलेली कल्पना बाजूच्या निम्मीवर एकदाच तपासा.

निकाल मान्य करणं आणि त्यामागचा अर्थ मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात असू द्या. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांना आइनस्टाइनची प्रकाशकणांची कल्पना पटत नव्हती. वर्षानुवर्षं काटेकोर प्रयोग केल्यावर १९१६ मध्ये त्यांनी प्रामाणिकपणे छापलं की आइनस्टाइनचं समीकरण अचूक बसतं. त्यामागचा सिद्धांत त्यांना तेव्हाही पटला नव्हता. तुमच्याही प्रबंधात ‘आकडे असे आहेत’ हा भाग ठाम आणि ‘याचं कारण बहुधा हे’ हा भाग सावध असू शकतो.

गाइडकडे कसं जायचं

‘मॅडम, सगळं उलटं आलंय’ एवढंच घेऊन केबिनमध्ये गेलात तर ‘परत कर’ हेच ऐकाल. एक पान घेऊन जा: अपेक्षा, निकाल, काय तपासलं, काय बाद झालं, काय उरलं, काय हवंय.

‘मॅडम, तोंडाजवळ ऑक्सिजन जास्त मिळतोय. हिशेब दोघांनी वेगवेगळा केलाय, ब्लँक ठीक आहे. नायट्राइट, शेवाळ आणि भरती असे तीन संशय उरलेत. अझाइड मिळालं तर पहिला उद्याच तपासते.’

‘क्षारता बघितलीस का? आधी जुन्या नमुन्यांची बघ, मग अझाइड.’

असं बोलणं सुरू झालं की अर्धं काम झालं. तरीही कुणी आकडे बदलायला सुचवलं, तर वाद घालत बसू नका. ‘मूळ आकडे परिशिष्टात देते आणि मर्यादा लिहिते’ असं नम्रपणे सांगा आणि तसंच करा. जर्नल जपून ठेवा.

मोठ्या गटांनाही हेच करावं लागतं. २०११ च्या सप्टेंबरात युरोपातल्या ऑपेरा प्रयोगातल्या शास्त्रज्ञांना न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचताना दिसले. त्यांनी निकाल लपवला नाही आणि भौतिकी उलटली असा दावाही केला नाही. आकडे मांडून जगाला आमची चूक शोधा म्हणाले. पुढच्या काही महिन्यांत नीट न बसलेली एक फायबर केबल सापडली.

प्रबंधात कसं लिहायचं

निष्कर्षाचं प्रकरण लाजत लिहू नका. मूळ गृहीतक जसंच्या तसं द्या. किती नमुने घेतले, किती वगळले आणि वगळण्याचा नियम कधी ठरवला तेही द्या. निकालाआधी ठरवलेला नियम आणि निकाल पाहून ठरवलेला नियम यांत फार फरक आहे. दिशांचा तक्ता पूर्ण द्या, बाद झालेल्या कारणांसकट. पुढच्या बॅचच्या विद्यार्थ्याला तोच सर्वांत कामाचा असतो. मजकूर असा असू शकतो:

‘तोंडाजवळ ऑक्सिजन कमी असेल अशी अपेक्षा होती. दुपारच्या नमुन्यांत तो जास्त आढळला. अझाइड वापरल्यावर फरक कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. सूर्योदयाआधीच्या नमुन्यांत क्रम अपेक्षेप्रमाणे होता. यावरून मूळ गृहीतक दिवसाची वेळ लक्षात न घेता मांडलं गेलं होतं असं दिसतं. शेवाळाची थेट मोजणी केलेली नाही.’

शेवटचं वाक्य बघा. जे केलं नाही ते इतक्या साध्या शब्दांत सांगितलं की व्हायव्हात त्यावर अडवणारा प्रश्न उरत नाही. परीक्षक विचारतील तो पुढचा प्रश्न.

वेळ उरली नसेल तर

सबमिशनला दहा दिवस आहेत आणि विरोध उकललेला नाही, असंही होतं. अशा वेळी नवीन नमुन्यांच्या मागे धावू नका. हिशेबाची तपासणी, त्याच द्रावणांनी कंट्रोल आणि दिशांचा तक्ता, या तीन गोष्टी दहा दिवसांत आरामात होतात. त्या करा, उरलेले संशयित नावानिशी लिहा आणि प्रत्येकासाठी पुढचा प्रयोग दोन ओळींत आखून द्या. कच्ची रीडिंग, तारीख, वेळ, भरतीची वेळ, द्रावण कधी बनवलं आणि बाटलीचे क्रमांक हे सगळं एका फाइलमध्ये घालून विभागाच्या कपाटात ठेवा आणि फाइलवर ठिकाण आणि वर्ष मोठ्या अक्षरांत लिहा. जूनमध्ये नवी बॅच आली की तिला ती फाइल दाखवायला लॅब असिस्टंटला सांगून ठेवा.